वैशालीची दाढ

देवीदास गजभिये सौंसरच्या नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. कोणत्या वॉर्डात किती वाजता नळ येणार हे त्याच्या हातातल्या किल्लीवर ठरायचं, त्यामुळे त्याला सगळं गाव ओळखायचं. आणि त्याच्या मागेमागे फिरणारी त्याची पोरगी, वैशाली, तीही सगळ्यांना माहीत होती. तेवीस वर्षांची, बापाएवढी उंच, डावा हात कोपरात वळलेला. जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नव्हती, आणि पुढे बोलणं काही तिला आलं नाही. 'आं' असा एकच आवाज तिच्याजवळ होता. भूक, तहान, राग, पाहुणे आले, लाईट गेली, सगळं त्या एका आवाजात. तिच्या आईला, इंदूला, त्यातलं बारा आणे कळायचं. देवीदासला आठ आणे. वैशालीला मात्र बापाचा चेहरा सोळा आणे वाचता यायचा. साहेबाची बोलणी खाऊन तो घरी आला की दारातच ती समोर यायची, त्याच्या गालाला उजवा हात लावायची आणि हात तसाच ठेवून उभी राहायची.

पौषात घरी संत्री आली. इंदूच्या माहेराहून, रामाकोन्याहून, दरवर्षी यायची. वैशालीचा जीव होता संत्र्यावर. इंदूने फोड सोलून, बी काढून तिच्या तोंडात दिली, आणि वैशालीने ती थुंकून टाकली. दुसरी दिली तर इंदूच्या हातावर फटका मारला.

"आंबट असन," देवीदास म्हणाला.

"साखरेसारखं हाये. खाऊन पाहा ना तुम्ही."

त्या दिवसापासून पोरीचं बिनसलं. पोळी नको, भाकर नको, पातळ वरण तेवढं घोटभर. बसल्या बसल्या एकदम उठायची आणि उजव्या तळव्याने आपल्याच गालावर, कानावर फाडफाड मारून घ्यायची. इंदू हात धरायची तर आईला ढकलून द्यायची. आजवर असं तिने कधी केलं नव्हतं.

पोट दुखत असेल म्हणून पोटाचं औषध झालं. जंत असतील म्हणून त्याची गोळी झाली. कानावर मारते म्हणून कानाच्या डॉक्टरने बॅटरी लावून पाहिलं, थेंब दिले. शेजारची चंद्रकला म्हणाली, "इंदूताई, राग मानू नका, पण कोणाची तरी नजर लागली असन." इंदू म्हणाली, "आमच्या घरी आम्ही हे मानत नाही, बाई." म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात एक दिवस असाही गेला की कोणी काहीही सांगितलं असतं तर तिने केलं असतं. पोरीला काय होतंय हे पोरीच्या पोटात होतं आणि पोटातलं ओठावर येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी इंदूलाच ते सापडलं. ब्रश करू देत नाही म्हणून तिने बोटाला मंजन लावलं आणि जबरदस्तीने पोरीच्या तोंडात घातलं. वैशालीने करकचून चावा घेतला. इंदू ओरडली, बोट बाहेर ओढलं, आणि रक्त पाहायच्या आधी तिला वास आला. सडका वास. तिने पोरीला उन्हात ओट्यावर नेलं, घास दाखवून तोंड उघडायला लावलं. खालची डावी दाढ मधून काळी पोखरलेली, आणि बाजूची हिरडी फोडासारखी टरारलेली.

"अवो वैशालीचे बाबा," ती आत येऊन म्हणाली, "पोरीची दाढ सडली. महिना झाला, दाढ ठणकून राहिली तिची. आन् आपण तिले जंताची गोळी देल्ली."

आणि ती जमिनीवर बसून रडायला लागली.

सौंसरच्या दातांच्या डॉक्टरने दारातूनच हात जोडले. "हिला बसवणं होणार नाही हो माझ्याच्यानं," तो खरेपणाने म्हणाला. "पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर डॉक्टर मृणाल आहेत. अशा मुलांचं त्या करतात."

डॉक्टर मृणाल म्हणजे तिशीतली, बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. तिने पहिल्या दिवशी एकाही औजाराला हात लावला नाही. वैशालीला नुसतं खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबून खुर्ची वर-खाली केली. वैशाली आधी घाबरली, मग तिला मजा वाटली. खुर्ची खाली आली की ती 'आं' करायची, डॉक्टर पुन्हा वर न्यायची. महिनाभरानंतर पोरगी हसली होती. पुढच्या खेपेला डॉक्टरने आरसा दाखवला, तो तिच्या हातात दिला, मग तोंडात घातला. इंदूने तिचं डोकं धरून दाढेचा कसाबसा एक एक्स-रे फोटोही काढू दिला. तो हललेला आला, पण डॉक्टरला दिसायचं ते दिसलं.

"दाढ वाचण्यासारखी आहे," ती म्हणाली. "उजवीकडे हिच्या दोन दाढा आधीपासूनच नाहीत. ही गेली तर चावायला काही उरणार नाही. रूट कॅनल केलं तर टिकेल. दोन-तीनदा यावं लागेल."

देवीदास टोपी हातात फिरवत होता.

"मॅडम, एक विचारू काय जी? दुखते का हे? लोक त लय सांगतात."

"खरं सांगू? बहुतेकांना इंजेक्शनची सुई टोचते तेवढंच. पण ज्या दाढेत खूप सूज असते तिथे कधीकधी पहिल्या इंजेक्शनने नस पुरती बधिर होत नाही. तेव्हा दुखू शकतं. म्हणून आम्ही पेशंटला सांगतो, दुखलं की डावा हात वर करा. हात वर झाला की मी लगेच थांबते, अजून औषध देते. मग दुखत नाही."

"आन् हिले हे कसं सांगायचं?"

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. वैशाली आरशात आपली जीभ पाहत होती.

"तेच मला कळत नाही आहे," डॉक्टर म्हणाली. "सांगून कळणार नाही. पाहून कळलं तर कळेल."

हे वाक्य देवीदासच्या डोक्यात बसलं. बसच्या खिडकीतून संत्र्याचे बगीचे मागे जात होते आणि तो जिभेने आपलीच खालची दाढ चाचपत होता. दोन वर्षं झाली, गरम चहा त्या बाजूला गेला की कळ मस्तकात जायची. तो लवंग धरायचा आणि कामाला लागायचा. दुसऱ्या दिवशी त्याने पांढुर्ण्याला फोन लावला. "मॅडम, माही बी दाढ किडली हाये. पयले माही करा. तिच्यासमोर. बापाले काही होत नाही हे तिनं पाह्यलं त बसन ते."

डॉक्टरने आधी त्याला बोलावून तपासलं. त्याच्या दाढेलाही तेच लागणार होतं. "चालेल," ती म्हणाली. "कल्पना चांगली आहे तुमची."

बुधवारी तिघं सकाळच्या बसने गेले. इंदूने पोरीला नवा पंजाबी ड्रेस घातला होता. वैशालीने खुर्ची पाहिली आणि ती आपणच चढायला निघाली. तिला समजावून इंदूने बाजूच्या स्टुलावर बसवलं. देवीदास खुर्चीवर आडवा झाला. पांढरा दिवा तोंडावर आला.

"दुखलं की हात वर," डॉक्टर म्हणाली.

त्याने मान हलवली. पण मनाशी त्याचं ठरलं होतं. हात वर करायचाच नाही. विहिरीत उतरून मोटारी काढलेला माणूस तो, थंडीच्या दिवसात फुटलेल्या पाइपलाइनच्या खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला. दाढ ती दाढ, केवढीशी. पोरीला दिसलं पाहिजे की काही होत नाही. बस, तेवढंच काम.

सुई टोचली. त्याने वैशालीकडे पाहून डोळे मिचकावले. ती हसली. ओठ जड झाला, गाल जड झाला. "ओठ सुन्न वाटतो?" "हो." मशीन सुरू झालं. त्या आवाजाला वैशालीने कान झाकले, मग बाप शांत आहे असं पाहून हात खाली घेतले. पहिली पाच मिनिटं खरोखरच काही दुखलं नाही. देवीदासला वाटलं, जमलं. फत्ते.

आणि मग मशीन कुठेतरी आत टेकलं.

जबड्यातून निघालेली कळ कानात, डोळ्यात, कवटीच्या मागे गेली. त्याचे पाय ताठ झाले. हात वर करायचा नाही. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली. डॉक्टरची नजर दाढेत होती; त्याच्या पायाकडे तिचं लक्ष गेलं नाही, आणि हात तर खालीच होता. हात खाली म्हणजे ठीक. मशीन पुन्हा टेकलं. देवीदासने डोळ्यांनी हसायचा प्रयत्न केला. पोरीकडे पाहून हसायचं, बस. पण डोळा आपला राहिला नव्हता. कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं.

वैशाली स्टुलावरून उठली.

इंदूने तिला धरलं, पण ती आईच्या हातात मावण्यासारखी नव्हती. "आं! आं!" करत ती खुर्चीवर आली. डॉक्टरने मशीन बाहेर काढलं म्हणून बरं, कारण पुढच्या क्षणी वैशालीने तिचं मनगट धरून पिरगाळलं होतं. दुसऱ्या फटक्यात औजारांचा ट्रे खाली गेला. सगळीकडे खणखणाट. ती बापाच्या छातीवर पडली, त्याच्या सुन्न गालावर हात ठेवला आणि डॉक्टरकडे पाहून असं ओरडली की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले.

"वैशू, काही नाही, काही नाही झालं मले," देवीदास म्हणत होता. पण अर्धं तोंड बधिर, शब्द वाकडेतिकडे, तोंडातून लाळ आणि पाणी. बापाचं तोंड असं वाकडं झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती आणखीच घाबरली.

इंदूने आणि मदतनीस बाईने मिळून तिला बाहेर नेलं. ओरडणं रस्त्यावरून आत ऐकू येत राहिलं.

डॉक्टरने मनगट चोळत खाली पडलेलं एकेक औजार उचललं. मग विचारलं, "दुखलं होतं ना?"

त्याने मान हलवली.

"मग हात का नाही वर केला?"

त्याने बधिर ओठ तळव्याने पुसला.

"काका, तुम्ही हात वर केला असता तर मी थांबले असते." ती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. "तिने ते पाहिलं असतं. दुखलं, हात वर केला, डॉक्टर थांबली. तेवढंच तर तिला दाखवायचं होतं."

देवीदासने छताकडे पाहिलं. डॉक्टरने अजून एक सुई दिली, अगदी दाढेच्या बुडाशी. थोड्या वेळाने मशीन पुन्हा लावलं. आता तिथे काहीच नव्हतं. नस काढली, औषध भरलं, वरून कच्चं सिमेंट लावलं, आणि त्याला मुंगीही चावली नाही. इतकं सोपं होतं ते. एक हात उचलण्याएवढं.

त्यानंतर वैशाली दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा चढली नाही. आठवड्याने पुन्हा नेऊन पाहिलं. स्टेशनच्या रस्त्याला बस वळली तशी ती सीटखाली शिरली. लोक वाकून पाहायला लागले. एक म्हणाला, "पकडून न्या ना, चार जण धरा." देवीदासने पोरीला सीटखालून काढायचा प्रयत्नही केला नाही. तिघं तिथूनच परतीच्या बसमध्ये बसले.

डॉक्टर मृणालने फोनवर सांगितलं, "आता माझ्याकडे नाही होणार. नागपूरला न्यावं लागेल, पूर्ण भूल देऊन करतात. मी चिठ्ठी देते. तोवर हे औषध चालू ठेवा, आणि लवकर न्या."

लवकर म्हणणं सोपं असतं. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात वैशालीला लहानपणी झटके यायचे हे ऐकल्यावर त्यांनी मेंदूच्या डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मेंदूच्या डॉक्टरने तपासणी लिहून दिली. तपासणीचा नंबर दहा दिवसांनी. तो कागद घेऊन गेले तर भूल देणारे डॉक्टर सुट्टीवर. कोणाची चूक म्हणावी अशी काही नव्हती. जो तो आपापल्या जागी बरोबर होता. दर खेपेला बस बोरगावच्या कारखान्यांवरून जायची आणि त्याच कारखान्यांवरून रिकाम्या हाताने परत यायची. वैशाली औषधाने चार दिवस शांत असायची, पाचव्या दिवशी पुन्हा गालावर फाडफाड. गाल सुजून डोळा बारीक झाला. ताप यायला लागला. देवीदास तिचा हात धरून बसायचा. तो हात सोडवून ती दुसऱ्या बाजूने मारून घ्यायची.

"हातमोजे घालून द्या तिले," कोणी सांगितलं. इंदूने घातले. मोज्यांनी आवाज कमी झाला, एवढंच.

सहाव्या आठवड्यात नंबर लागला. उपाशीपोटी न्यायचं होतं. पाणीसुद्धा नाही. ती पाण्यासाठी 'आं' करत होती आणि दोघं तिच्याकडे पाहत नव्हते. हिरव्या कपड्यातल्या नर्सने दारापाशी सांगितलं, "इथपर्यंतच." वैशालीने बापाचा शर्ट मुठीत धरला होता. देवीदासने एकेक बोट सोडवलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी त्याने काही लपवलं नाही, हसला नाही, काही नाही. तशी ताकदच राहिली नव्हती. दार बंद झालं.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आला. "वाचवता आली नाही. पू हाडापर्यंत गेला होता. काढावी लागली. आधी आले असते तर..." असं म्हणून त्याने पुढचं वाक्य गिळलं, कारण त्याच्याच कागदावर सहा आठवड्यांच्या तारखा होत्या.

"तिले दुखलं काय जी?" इंदूने विचारलं.

"नाही. तिला काही कळलं नाही."

शुद्धीवर आली तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. तिने आईकडे पाहिलं. मग देवीदासकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

नऊ दिवस तिने बापाच्या हातून काही घेतलं नाही. तो ताट घेऊन समोर बसला की ती उठून आत जायची. गालावर मारणं थांबलं, ताप गेला, चेहरा उतरत उतरत पहिल्यासारखा झाला. दहाव्या दिवशी त्याच्या हातचा चहात बुडवलेला टोस्ट तिने खाल्ला. का खाल्ला, भुकेने की माफ केलं म्हणून, हे त्याला कधी कळणार नव्हतं. इंदू म्हणाली, "भूक लागली असन." तो म्हणाला, "हाओ."

त्याची स्वतःची दाढ अर्धवट होती. पांढुर्ण्याला जायला मन होत नव्हतं, पण कच्चं सिमेंट निघून पडलं तेव्हा गेला. डॉक्टर मृणालने वैशालीची चौकशी केली. दाढ काढली हे ऐकून ती थोडा वेळ हातातला आरसा पुसत राहिली. काम सुरू झालं. एका जागी जरासं जाणवलं, दुखलं म्हणण्यासारखंही नाही, आणि देवीदासने हात वर केला. मशीन थांबलं.

"दुखलं?"

"थोडंसं," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. डॉक्टरने दिवा बाजूला केला आणि तो शांत होईपर्यंत खिडकीजवळ जाऊन उभी राहिली.

महिन्याभराने त्याच्या दाढेवर धातूची टोपी बसली. आता तो त्या बाजूने चणे खातो. वैशालीला इंदू सगळं मऊ करून देते, पोळी वरणात भिजवून, भाजी घोटून. संत्र्याचा रस काढून देते. वैशाली पिते, पण फोड दिसली की तिकडे हात करते, आणि दिली की तोंडात इकडून तिकडे फिरवून परत काढून आईच्या हातावर ठेवते.

नागपूरच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, ती त्यांना नंतर शेजारच्या गौतमने वाचून समजावून सांगितली. समोरच्या वरच्या दोन दातांनाही कीड लागायला सुरुवात झाली आहे. दर सहा महिन्यांनी दाखवत राहावं.

गौतम गेल्यावर दोघं ओट्यावर बसून राहिले. समोरून बाया पाण्याच्या रिकाम्या गुंड्या घेऊन नळावर चालल्या होत्या.

"दाखवू ना," देवीदास म्हणाला. "सहा महिन्यांनी घेऊन जाऊ."

"आता जाऊ," इंदू म्हणाली. "आपण आहो त जाऊ. मंग पुढं? आपण नसलो त कोण पाहीन हो हिच्या तोंडात बोट घालून?"

आतून 'आं' असा आवाज आला. भूक होती, की पाणी हवं होतं, की आणखी काही, ते बाहेर बसून दोघांनाही कळलं नाही. दोघंही उठून आत गेले.